तारण ठेवलेले वीर : मार्व्हल चित्रसंस्थेच्या फेररचनेचा इतिहास



या मंडपात सुपरहीरोंचा विषय निघाला की पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडणार, हे आम्ही जाणून आहोत. छातीवर तारा लावून ढाल फेकणारा कॅप्टन अमेरिका, भिंतीवरून सरसर चढणारा स्पायडरमॅन, लोखंडी चिलखतात उडणारा आयर्नमॅन, ही सारी पोरासोरांची करमणूक. तिचा इतिहास तो काय सांगायचा? परंतु आम्ही वीरांचा इतिहास सांगायला उभे नाही. ज्या पेढीने हे वीर विकले, गहाण टाकले, सोडवून आणले आणि पुन्हा विकले, त्या पेढीचा हा इतिहास आहे. ऐंशीपंच्याऐंशी वर्षांत ती इतक्या वेळा मोडली आणि सांधली गेली, की भांडवल म्हणजे काय हे शिकायला दुसरे पाठ्यपुस्तक नको.

आमची शाळा लवकर सुटली. ताळेबंद वाचायला आम्ही युनियनच्या कचेरीत शिकलो, तेही टाळे पडलेल्या कारखान्यांच्या कागदांवर. त्यातून एक सवय जडली आहे. ‘फेररचना’ हा शब्द कोठे दिसला की आम्ही दोन गोष्टी पाहतो: मालमत्तेच्या यादीत काय काय लिहिले आहे, आणि त्या यादीत व देणेकऱ्यांच्या यादीत कोणाचे नाव नाही. वर्तमानपत्रे अशा प्रसंगी दोन बड्या माणसांच्या भांडणाची कथा सांगतात. ती खोटी नसते. पण तिच्यात सारे येत नाही.

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिन गुडमन नावाच्या प्रकाशकाने चित्रकथांची मासिके काढण्यास आरंभ केला. त्याच्या प्रकाशनाचे नाव टाइमली. पहिल्या अंकाचे नाव ‘मार्व्हल कॉमिक्स’. तो काळ स्वस्त कागदावरील रंगीत चित्रकथांचा होता. नुकताच, १९३८ मध्ये, जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी आपला सुपरमॅन दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेला १३० डॉलरना विकला होता. कोट्यवधींची उलाढाल पुढे ज्या पात्रावर झाली त्याची ही खरेदीची किंमत! त्या १३० डॉलरांचा समावेश असलेला मूळ धनादेश २०१२ साली लिलावात निघाला, तेव्हा त्या कागदाच्या तुकड्यालाच एक लाख साठ हजार डॉलर आले. खुद्द सीगल आणि शुस्टर यांना वर्षाकाठी २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन मिळाले ते १९७५ मध्ये, वर्तमानपत्रांतून पुष्कळ ओरड झाल्यानंतर.

गुडमनकडे जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या थोबाडीत ठोसा लगावताना दाखवला होता, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. अंक धडाक्याने खपला. दहा अंकांनंतर ही जोडी तेथून बाहेर पडली. नफ्यातला कबूल केलेला वाटा हाती येत नव्हता, असे सायमनने पुढे सांगितले आहे. पात्र मात्र गुडमनकडेच राहिले. ही आमच्या दृष्टीने या कथेतील पहिली फेररचना, जरी तिला तेव्हा कोणी ते नाव दिले नाही.

खरी भरभराट १९६१ नंतरची. संपादक-लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी (तो फिरून तेथे आला होता) आणि स्टीव्ह डिट्को या तिघांच्या हातून पाचसहा वर्षांत फॅन्टॅस्टिक फोर, हल्क, थॉर, स्पायडरमॅन, एक्स-मेन, अव्हेंजर्स, डॉक्टर स्ट्रेंज, ब्लॅक पँथर अशी पात्रे निघाली. आयर्नमॅनच्या वेळी आणखी दोन माणसांचे हात लागले. आमच्या पिढीने मराठीत इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. ही मंडळी आम्हांस पुष्कळ उशिरा भेटली. परंतु ती कशी निपजली, ती कामाची पद्धत आम्हांला त्या कथांहून अधिक मनोरंजक वाटते, आणि येथे आम्ही थोडे थांबणार आहोत.

तिला ‘मार्व्हल पद्धत’ म्हणतात. लीच्या डोक्यावर एका वेळी अनेक मासिकांचा भार. प्रत्येकाची संहिता लिहायला सवड नाही. तेव्हा तो चित्रकाराशी दोन गोष्टी बोले किंवा एखाद्या कागदावर कथेचा सांगाडा देई. चित्रकार घरी जाई आणि वीस-बावीस पानांची गोष्ट चौकटी चौकटीने रचून काढी: कोण कोठे उभा, कोण कोणाला केव्हा भेटला, मारामारी कशी संपली, हे सारे त्याने ठरवायचे. मग पाने कचेरीत परत येत आणि ली त्यांत संवाद भरी. म्हणजे गोष्ट रचण्याचे अर्धेअधिक काम चित्रकाराचे. परंतु मजुरी मिळे ती चित्रे काढण्याची, आणि तीही पानावर. गिरणीत जसे नगावर काम असते तसे हे पानावर काम. पान पसंत पडले तर पैसे. नापसंत पानाचे मिळत नसत, असे कर्बीच्या वारसांनी पुढे न्यायालयात सांगितले.

कर्बी लाँग आयलंडवरच्या आपल्या घराच्या तळघरात बसून चित्रे काढी. फळी त्याची, पेन्सिल त्याची, दिवा त्याचा, रात्रही त्याची. पगारी रजा नाही, आजारपणाचा विमा नाही, निवृत्तिवेतन नाही. कारण तो नोकर नव्हता, स्वतंत्र कारागीर होता. मोबदल्याचा जो धनादेश येई त्याच्या पाठीवर शिक्का असे. पैसे घ्यायचे तर त्या शिक्क्याखाली सही करायची, आणि सही केली की त्या पानातील सर्व हक्क प्रकाशकाचे, असा त्याचा अर्थ. आंगठा उठवल्याशिवाय पगाराला हात लावता येत नाही अशी पावतीपुस्तके आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. मजकूर वरच असतो, वाचायला वेळ कोणाला असतो? डिट्कोने १९६५-६६ च्या सुमारास मार्व्हल सोडले, कर्बीने १९७० मध्ये.

त्यापूर्वीच, १९६८ मध्ये, गुडमनने सारी पेढी विकून टाकली होती. घेणारी ‘परफेक्ट फिल्म अँड केमिकल’ नावाची कंपनी. पुढे तिचेच नाव केडन्स इंडस्ट्रीज झाले. फिल्म आणि रसायने विकणाऱ्यांच्या हाती वीर गेले. मग १९७८ साली अमेरिकेत नवा लेखाधिकार कायदा अमलात आला. त्यात बाहेरून करून घेतलेल्या कामासाठी लेखी करार आवश्यक झाला. तेव्हा मार्व्हलने चित्रकारांपुढे एक पानी कागद ठेवला: केलेले आणि पुढे करावयाचे सारे काम हे मजुरीने करवून घेतलेले काम होय. नील अ‍ॅडम्स या नामांकित चित्रकाराने त्या वर्षी आपल्या सहकाऱ्यांना एकत्र बोलावून चित्रकारांचा संघ काढण्याचा खटाटोप केला. सभा झाली, दर ठरले, आणि संघ विरून गेला. ज्याने कागदावर सही केली त्याला काम मिळत होते, आणि न करणाऱ्याच्या जागी बसायला दहाजण तयार होते. संघ का मोडतात याचे उत्तर आम्हांस सातासमुद्रांपलीकडून मागवावे लागत नाही.

१९८६ मध्ये मार्व्हल न्यू वर्ल्ड या चित्रपटसंस्थेकडे गेली, आणि १९८९ च्या जानेवारीत रॉन पेरेलमन या वित्तपुरुषाने ती ८ कोटी २५ लाख डॉलरना घेतली. १९९१ मध्ये तिचे भाग बाजारात आले. त्या वर्षांत मुलेच नव्हे तर सट्टेवालेही कॉमिक्सचे अंक विकत घेऊन साठवीत होते. एकाच अंकाला चार चार मुखपृष्ठे लावून तो चारदा विकला जाई. पेरेलमनने खेळपत्त्यांच्या आणि चित्रटिकल्यांच्या कंपन्या खरेदी केल्या. शिवाय मार्व्हलचे भाग तारण ठेवून आपल्या वरच्या कंपन्यांमार्फत ५० कोटींहून अधिक डॉलरचे कर्जरोखे विकले. तो पैसा मार्व्हलच्या तिजोरीत आला नाही. मग सट्टा ओसरला. १९९३ मध्ये ३५ डॉलरच्या वर असलेला भाग तीन वर्षांत अडीच डॉलरच्या खाली आला. १९९६ च्या जानेवारीत २७५ माणसांना घरी पाठवण्यात आले, आणि डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. माणसे जानेवारीत आणि कंपनी डिसेंबरात, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यानंतर न्यायालयात जे युद्ध झाले त्यावर इंग्रजीत ग्रंथ झाले आहेत. एका बाजूस पेरेलमन, दुसऱ्या बाजूस कर्जरोखे गोळा करून आलेला कार्ल आयकान, आणि त्या दोघांच्या मधून वाट काढणारी ‘टॉय बिझ’ नावाची खेळण्यांची कंपनी. तिचे दोन धनी: आयझॅक पर्लमटर आणि अवी अराद, दोघेही इस्राएलहून आलेले. (पेरेलमन वेगळा, पर्लमटर वेगळा; श्रोत्यांचा येथे घोटाळा होतो.) पर्लमटर १९६७ च्या युद्धानंतर खिशात अडीचशे डॉलर घेऊन न्यूयॉर्कला उतरला, असे सांगतात. मार्व्हलच्या पात्रांची खेळणी करण्याचा कायमचा परवाना टॉय बिझकडे होता. मार्व्हल परक्याच्या हाती गेली तर तो परवाना धोक्यात. तेव्हा अरादने बँकवाल्यांना पटवले, की अहो, कागदावरच्या कंपनीकडे काय पाहता, एकटा स्पायडरमॅन शंभर कोटींचा ऐवज आहे! १९९८ मध्ये खेळण्यांच्या कंपनीने वीरांच्या कंपनीला पोटात घेतले.

अरादचे ते बोलणे आम्ही महत्त्वाचे मानतो. तोवर मालमत्ता म्हणजे मासिके, छापखान्याचे करार, दुकाने. आता मालमत्ता म्हणजे पात्र. आणि पात्राला ना भाडे, ना वीजबिल, ना म्हातारपण. ज्या माणसाने ते काढले तो १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात वारला होता. आपली मूळ चित्रे परत मिळावीत म्हणून त्याला ऐंशीच्या दशकात वर्षानुवर्षे झगडावे लागले होते आणि मिळाली ती दहा हजारांवर पानांपैकी दोनएक हजार.

मार्व्हल स्टुडिओ ही चित्रसंस्था १९९६ मध्येच निघाली होती, पण ती चित्रपट काढीत नसे. पात्रे भाड्याने देई. एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे. १९९८ च्या ‘ब्लेड’ चित्रपटाने अमेरिकेतच सात कोटी डॉलर मिळवले आणि मार्व्हलच्या पदरी पंचवीस हजार पडले, असा हिशेब नेहमी सांगितला जातो. भाड्याने शेत लावणाऱ्याची ही कैफियत. ती बदलली २००५ मध्ये. डेव्हिड मेसेल या अधिकाऱ्याच्या योजनेप्रमाणे मेरिल लिंच या वित्तसंस्थेकडून ५२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत कर्जाची सोय झाली, आणि तारण काय? दहा पात्रांचे चित्रपटहक्क: कॅप्टन अमेरिका, अव्हेंजर्स, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज, अँटमॅन, शांग-ची इत्यादी. चित्रपट पडले तर वीर सावकाराच्या घरी जायचे. आमच्याकडे बैल तारण ठेवतात, दागिने ठेवतात. बिल्ला लावलेला वीर तारण ठेवल्याचे उदाहरण हे पहिलेच असावे. आयर्नमॅनचे हक्क दुसऱ्या संस्थेकडे होते, ते त्याच वर्षी परत आले. १४ कोटी खर्चून केलेला ‘आयर्नमॅन’ २००८ च्या मे महिन्यात पडद्यावर आला आणि जगभर ५८ कोटी ५० लाखांवर गेला. निर्मितीची सूत्रे केव्हिन फायगी या तिशीतल्या माणसाकडे होती. तारण सुटले.

पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २००९ रोजी, वॉल्ट डिस्ने कंपनीने मार्व्हल घेत असल्याचे जाहीर केले. किंमत ४०० कोटी. व्यवहार पुरा होईतो ती ४२४ कोटींवर गेली. घोषणेत मालाची गणती होती: पाच हजारांहून अधिक पात्रे. डिस्नेचा कामगारांशी परिचय जुना आहे. १९४१ च्या मे महिन्यात तिच्याच चित्रकारांनी संघाच्या मान्यतेसाठी संप पुकारला होता. आर्ट बॅबिट या नावाजलेल्या चित्रकाराला संघाच्या कामासाठी काढून टाकल्याचे ते निमित्त. सरकारी मध्यस्थीने संघाला मान्यता मिळाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कर्बी आणि सायमन वाट्यावरून बाहेर पडत होते, पण त्यांच्या मागे संघ नव्हता. दोन गोष्टी एकाच सालच्या, आणि दोन्हींची पेढी आता एक झाली.

घोषणेला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच कर्बीच्या चार मुलांनी मार्व्हल, डिस्ने आणि इतर चित्रसंस्थांना ४५ नोटिसा पाठवल्या. अमेरिकन कायद्याप्रमाणे जुना लेखाधिकार छपन्न वर्षांनी मूळ कर्त्याच्या वारसांना परत मागता येतो. मात्र काम मजुरीने करवून घेतलेले असेल तर नाही. न्यायालयापुढे प्रश्न एवढाच, की ही पाने कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या खर्चाने झाली. २०११ मध्ये निकाल मार्व्हलच्या बाजूने लागला, २०१३ मध्ये अपिलातही तोच टिकला.

श्रोतेहो, या निकालावर आमचे जे मत आहे ते आम्ही स्पष्ट सांगतो. विमा आणि निवृत्तिवेतन मागायची वेळ आली तेव्हा कर्बी नोकर नव्हता, तळघरातला स्वतंत्र कारागीर होता. हक्क मागायची वेळ आली तेव्हा तोच कर्बी मजुरीवर काम करणारा ठरला, आणि म्हणून त्याने काढलेले मालकाचे. एकाच माणसाला दोन दारांवर दोन नावे! कायद्याच्या भाषेत यात विसंगती नाही, हे वकील मंडळी आम्हांला समजावतात आणि आम्ही ते समजून घेतोही. परंतु ठेकेदाराच्या हजेरीपटावर आणि कारखान्याच्या हजेरीपटावर दोन्हीकडे नसलेला मजूर ज्याने पाहिला आहे, त्याला हे नवीन वाटणार नाही. २०१४ च्या सप्टेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण विचारात घ्यावे की नाही हे ठरण्यापूर्वीच, दोन्ही पक्षांनी आपसात तडजोड केली. तिचा तपशील बाहेर आला नाही. त्यानंतर मार्व्हलच्या अंकांवर लीच्या जोडीने कर्बीचे नाव निर्माता म्हणून छापले जाऊ लागले.

आता ज्या फेररचनेची वर्तमानपत्रांत सर्वांत अधिक चर्चा झाली तिच्याकडे वळू. डिस्नेने मार्व्हल घेतली तरी घराच्या चुली दोन होत्या. न्यूयॉर्कमध्ये पर्लमटर, काटकसरीविषयी प्रसिद्ध. कॅलिफोर्नियात फायगी आणि त्याचे चित्रपट. प्रत्येक संहिता न्यूयॉर्कच्या एका समितीच्या हाताखालून जाई. २०१० मध्ये दूरचित्रवाणीसाठी वेगळा विभाग निघाला, जेफ लोब याच्या हाताखाली, आणि तो न्यूयॉर्कच्या चुलीवर राहिला. मालिकांतली माणसे चित्रपटांतल्या घटनांनी हादरत. चित्रपटांतल्या माणसांना मालिकांची खबरही नसे. २०१५ च्या ऑगस्टात चित्रपटांचा विभाग पर्लमटरच्या हाताखालून काढून डिस्नेच्या चित्रपटशाखेकडे, अ‍ॅलन हॉर्नकडे, देण्यात आला, समितीही गेली. २०१९ मध्ये फायगी साऱ्या मार्व्हलचा मुख्य कलाधिकारी झाला आणि डिसेंबरात दूरचित्रवाणीचा विभाग गुंडाळून त्याच्या स्टुडिओत विलीन केला गेला. २०२३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कची उरलीसुरली कंपनी मोडली आणि पर्लमटरला निरोप मिळाला. तो डिस्नेच्या सात हजार माणसांच्या कपातीचा भाग होता. त्यांतील बहुतेकांची बातमी झाली नाही.

चूल एक झाली, हे चांगलेच झाले, असे कोणी म्हणेल. कारभाराच्या दृष्टीने तसे असेलही. पण एका चुलीवर किती भाकऱ्या? २०१९ च्या नोव्हेंबरात डिस्नेने घरबसल्या पाहण्याची आपली वाहिनी सुरू केली आणि तिला माल हवा होता. २०२१ या एका वर्षात मार्व्हल स्टुडिओच्या पाच मालिका आणि सोनीबरोबरचा धरून चार चित्रपट आले. या चित्रांत खरे फार थोडे असते. नट हिरव्या पडद्यापुढे उभा राहतो. नगर, आकाश, राक्षस, कित्येकदा अंगावरचा पोशाखसुद्धा, मागाहून संगणकावर चढवला जातो. तो चढवणारी माणसे हीच आजची कर्बी.

त्यांच्या धंद्याची रीत सांगितली पाहिजे. स्टुडिओ हे काम बाहेरच्या कंपन्यांना उक्ते देतो. कंपनी बोली लावते: इतकी दृश्ये, इतकी रक्कम. मग दिग्दर्शकाचे मन बदलते, शेवट बदलतो, राक्षसाचा रंग बदलतो. तारीख आणि बहुधा रक्कमही तीच राहते. फरक कंपनीने सोसायचा, म्हणजे तिच्या माणसांनी रात्री बसून भरून काढायचा. एका मोठ्या गिऱ्हाईकाला दुखवले तर पुढचे काम नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत ऱ्हिदम अँड ह्यूज ही कॅलिफोर्नियाची नामांकित कंपनी दिवाळखोरीत गेली. २००८ च्या चित्रपटातला हल्क तिने घडवला होता. दोन आठवड्यांच्या आत ‘लाइफ ऑफ पाय’मधील तिच्या कामाला ऑस्कर मिळाले. तिच्या माणसाने मंचावर कंपनीच्या अडचणीचा उल्लेख करताच वाद्यवृंद वाजवून त्याला थांबवण्यात आले; बाहेर रस्त्यावर काही शे कारागीर निदर्शने करीत उभे होते. या कंपनीची एक शाखा मुंबईत होती, दुसरी हैदराबादेत.

म्हणून मुंबईचे नाव येथे ओढूनताणून आणलेले नाही. लंडनची डबल निगेटिव्ह आणि मुंबईची प्राइम फोकस या कंपन्या २०१४ मध्ये एक झाल्या. ‘अव्हेंजर्स : एन्डगेम’च्या दृश्यांवर काम करणाऱ्या कंपन्यांत ती होती. तो चित्रपट २०१९ मध्ये जगभर २७९ कोटी डॉलरांवर गेला. चौकटीचौकटीतून नटाची आकृती कापून काढणे, दोरखंड आणि खुणा पुसणे, असे किचकट आणि खालच्या दराचे काम मोठ्या प्रमाणावर भारतात येते. तिकडे कचेरी बंद होते तेव्हा इकडे उजाडते. काम चोवीस तास चालू राहते. या मुलामुलींना आम्ही भेटलो आहोत. ती स्वतःला कामगार म्हणवून घेत नाहीत, कलावंत म्हणवतात, आणि आहेतही. पण प्रकल्प संपला की करार संपतो, हे त्यांना पाठ असते. युनियनचे नाव काढले की ती प्रथम दाराकडे पाहतात.

२०२२ पासून मार्व्हलच्या कामाबद्दल अशा कारागिरांच्या तक्रारी, नावे गुपित ठेवून, अमेरिकन वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. २०२३ च्या मे महिन्यात हॉलिवुडचे लेखक संपावर गेले आणि जुलैत नट. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचा ११८. त्या धामधुमीत, ७ ऑगस्टला, मार्व्हल स्टुडिओच्या स्वतःच्या पगारपटावरील दृश्यपरिणाम विभागाच्या पन्नासांहून थोड्या अधिक माणसांसाठी संघाच्या मान्यतेचा अर्ज सरकारी कामगार मंडळाकडे गेला. चित्रपटधंद्यातील सुतार, वीजकामगार, रंगभूषाकार यांचा जो जुना संघ आहे त्यात त्यांना यायचे होते. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’पासून हा धंदा भरभराटला, परंतु निव्वळ या कारागिरांच्या गटाने त्या संघात येण्यासाठी मागणी करण्याची ती पहिली वेळ. १३ सप्टेंबरला मते मोजली. विरोधात एकही नव्हते.

पन्नास माणसे म्हणजे काय, असे आमच्या एका सहकाऱ्याने विचारले. आम्ही त्याला १९७८ ची सभा सांगितली. नामांकित चित्रकार तेव्हा कमी नव्हते, पण प्रत्येकजण आपल्या तळघरात एकटा होता.

वरच्या मजल्यावर फेररचना चालूच राहिली. २०२३ च्या नोव्हेंबरातील ‘द मार्व्हल्स’ हा चित्रपट या मालिकेतील सर्वांत कमी उत्पन्नाचा ठरला. ‘डेअरडेव्हिल’ची नवी मालिका अर्धवट चित्रित झाल्यावर थांबवून तिचे मुख्य लेखक बदलले गेले. २०२४ च्या मे महिन्यात डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी जाहीर केले, की यापुढे वर्षाला दोनच मालिका आणि दोन, फार तर तीन चित्रपट. आणि २०१९ मध्ये गुंडाळलेल्या दूरचित्रवाणी विभागाचे नाव, मार्व्हल टेलिव्हिजन, स्टुडिओच्याच छत्राखाली पुन्हा पाटीवर चढले. उत्पादन घटवणे शहाणपणाचे खरे. त्या घटीत बाहेरच्या कंपन्यांची किती उक्ती कामे गेली याचा हिशेब मार्व्हलच्या ताळेबंदात येत नाही, कारण ती माणसे तिची नव्हतीच.

संघाच्या त्या मतदानालाही कुंपण होते. मत होते ते स्टुडिओच्या स्वतःच्या पगारपटावरील माणसांना. व्हँकूव्हर, लंडन, मुंबई येथील कंपन्यांत बसून तीच दृश्ये घडवणाऱ्यांचा मालक कायद्याने वेगळा.

मार्व्हलच्या चित्रपटाची एक चाल प्रेक्षकांना ठाऊक आहे. २००८ च्या ‘आयर्नमॅन’पासून नामावली संपल्यावर एक छोटा प्रसंग दाखवण्याचा परिपाठ पडला. त्यामुळे लोक उठून जात नाहीत. पाच-सात मिनिटे नावे वर सरकत असतात आणि थिएटर बसून असते. त्या नावांत कंपनीवार रकाने येतात, आणि मुंबईची माणसेही त्यांत असतात. मात्र कोणत्या कंपनीची किती नावे घ्यायची हे ठेक्यातच ठरलेले असते. ती संख्या भरली की पुढची नावे पडद्यावर येत नाहीत.